डिसेंबरात फ्लूची लस घेतली, ऑगस्टमध्ये फ्लू झाला. मग पुन्हा कशाला घ्यायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या सातपूरला राहणाऱ्या वाचकाच्या वडिलांचं वय ६८, मधुमेह आहे, काही वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली आहे. दीड वर्षापूर्वी डिसेंबरात त्यांना फ्लूची लस दिली. पुढच्या ऑगस्टमध्ये ताप, खोकला, धाप. तपासणी एच१एन१, म्हणजे स्वाइन फ्लू, पॉझिटिव्ह आली आणि पाच दिवस रुग्णालयात काढावे लागले. आता मे संपत आलाय. डॉक्टर पुन्हा लस घ्या म्हणतात, वडील म्हणतात एकदा पैसे घालवले तेवढे पुरे. घरात चार वर्षांची मुलगी आहे, पत्नीला पाचवा महिना आहे. लस घ्यायची का, कोणी, कधी, आणि तीन विषाणूंवरची ‘तीनवाली’ की चारांवरची ‘चारवाली’?

आधी तुमच्या वडिलांची बाजू घेतो. लस टोचून घेतल्यावर आठ महिन्यांत त्याच आजाराने खाटेवर पडलेला माणूस पुन्हा दंड पुढे करायला कां-कूं करणारच. पण खरी मेख त्या आठ महिन्यांतच आहे.

फ्लू म्हणजे थंडीतला आजार, ही समजूत आपल्याकडे बाहेरून आली. युरोप-अमेरिकेत तो डिसेंबर ते फेब्रुवारीत जोर धरतो, म्हणून तिकडचे लोक सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लस घेतात, आणि मोबाइलवर शोधलं की तेच महिने समोर येतात. आपल्या देशातही श्रीनगरला फ्लू हिवाळ्यातच असतो. महाराष्ट्रात मात्र मुख्य लाट पावसाळ्यात येते, साधारण जुलै ते सप्टेंबर. जानेवारी ते मार्चमध्ये दुसरी, बहुतेक वेळा लहान. २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये एच३एन२ या फ्लूच्याच दुसऱ्या प्रकाराने घरोघर लोकांना आठवडेच्या आठवडे खोकायला लावलं, ती ही दुसरी. पण २००९ मध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला तो आपल्या शेजारी पुण्यात, ऑगस्टच्या सुरुवातीला. माझ्या दवाखान्यातही नारळी पौर्णिमेपासून गणपती उठेपर्यंत बाकड्यावरचा खोकला थांबत नाही. खिडक्या बंद, घरभर ओले कपडे वाळत घातलेले, रिक्षात चार-चार माणसं, शाळा नुकत्याच सुरू झालेल्या. विषाणूला आणखी काय हवं!

लस घेतल्यावर साधारण दोन आठवड्यांत शरीरात पुरेशी प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) तयार होतात आणि पुढच्या महिन्यांत ती हळूहळू उतरतात. साठी ओलांडलेली, त्यात मधुमेह, म्हणजे मुळात तयार होतानाच कमी होतात. डिसेंबरात मिळालेलं संरक्षण ऑगस्टपर्यंत बरंच ओसरलेलं असतं. मेमध्ये घेतली असती तर फ्लू झालाच नसता, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण ज्या महिन्यांत गरज होती त्या महिन्यांत ती अंगात जोमदार असती, एवढं नक्की. निफाड-पिंपळगावकडचे द्राक्षबागायतदार आले की हे समजवायला मला दोन वाक्यंही लागत नाहीत. डावणीची, म्हणजे वेलीवरच्या बुरशीची फवारणी पाऊस यायच्या आधी करायची, पानावर तेलकट डाग उमटल्यावर पंप काढून उपयोग नाही, हे त्यांना मी काय शिकवणार!

दुसरं कारण विषाणूच्या स्वभावात आहे. इन्फ्लुएन्झाच्या विषाणूवर दोन प्रकारची प्रथिनं असतात, हिमॅग्लुटिनिन आणि न्यूरामिनिडेज. एच१एन१ मधला एच आणि एन तो हाच. पहिल्याच्या मदतीने विषाणू आपल्या पेशीला चिकटतो, दुसऱ्याच्या मदतीने नवे विषाणू पेशीतून सुटतात. या प्रथिनांत सतत बारीकसारीक बदल होत राहतात आणि गेल्या वर्षीच्या प्रतिपिंडांना यंदाचा विषाणू नीट ओळखता येत नाही. गोवराची लस लहानपणी घेतली की आयुष्यभर पुरते, फ्लूची पुरत नाही, ती यासाठी. म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लशीचा नवा मसुदा, म्हणजे तिच्यात कोणते विषाणू घ्यायचे ते, ठरवते. फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी, सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी. जगभरातल्या प्रयोगशाळा आपापल्याकडे सापडलेले विषाणू त्यासाठी तपासत असतात. आपल्याकडे हे काम पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था करते. मसुदा ठरल्यावर बहुतेक कंपन्या कोंबडीच्या अंड्यांत विषाणू वाढवतात, मारतात, त्याचे तुकडे करून शुद्ध करतात. या सगळ्याला सहा महिने लागतात. तेवढ्या काळात विषाणूने आणखी रंग बदलला, तर त्या वर्षी लस थोडी कमी पडते. हा दोष कोणाचा नाही, पण आहे.

आता खरा प्रश्न, काम किती करते? मेळ चांगला बसलेल्या वर्षी डॉक्टरकडे जावं लागेल इतपत फ्लू होण्याची शक्यता साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी होते. म्हणजे लस न घेतलेल्या शंभरांपैकी समजा दहा जणांना फ्लू झाला, तर घेतलेल्या शंभरांत तो चार ते सहा जणांना होईल. हा आकडा ऐकून पेशंट नाक मुरडतात. मी कुणालाही 'लस घ्या, फ्लू होणार नाही' असं सांगत नाही. ज्यांनी असं सांगितलं, त्यांनीच या लशीचं नाव खराब केलं. मला त्या आकड्यापेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. लस घेऊनही फ्लू झालेल्यांमध्ये आणि त्यातून रुग्णालयात दाखल झालेल्यांमध्येसुद्धा, आयसीयूत जाण्याचं आणि दगावण्याचं प्रमाण लस न घेतलेल्यांपेक्षा कमी आढळतं. साठीच्या, मधुमेही, हृदयाला स्टेंट बसवलेल्या माणसाला मी लस देतो ती यासाठी. सर्दी-पडसं टळावं हा हिशेबच नाही त्यात.

स्टेंटचा उल्लेख मुद्दाम केला. फ्लू फक्त छातीत राहत नाही. तापामुळे आणि दाहामुळे रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, हृदयाचे ठोके वाढतात, ऑक्सिजन कमी पडतो, आणि जुन्या रक्तवाहिन्यांतला चरबीचा थर फुटायला निमित्त मिळतं. फ्लू झाल्यावर पहिल्या आठवड्यात हृदयविकाराच्या झटक्याचा धोका कित्येक पटींनी वाढलेला असतो. अँजिओप्लास्टी झालेल्यांना हृदयरोगतज्ज्ञ ही लस लिहून देतात, पण डिस्चार्जच्या कागदावर ती ओळ शेवटी असते आणि गोळ्यांच्या गर्दीत राहून जाते. तुमच्या वडिलांचे कागद एकदा काढून पाहा, कदाचित लिहिलेलं सापडेल. रक्त पातळ करणारी गोळी चालू असली तरी इंजेक्शन घेता येतं. बारीक सुई वापरायची आणि नंतर दोन-तीन मिनिटं चोळायचं नाही, नुसतं दाबून धरायचं.

'लशीमुळेच ताप आला' ही तक्रार मी दर मोसमात ऐकतो. इंजेक्शनच्या लशीत जिवंत विषाणू नसतो, मेलेल्याचे तुकडे असतात. त्यातून फ्लू होणं शक्यच नाही. दंड एक-दोन दिवस दुखतो, काहींना अंग मोडून येतं, बारीक कणकण येते, ते पॅरासिटामॉलने भागतं. पण पावसाळ्याच्या तोंडावर लस घेतली की त्याच दिवसांत आणखी डझनभर विषाणू गावात फिरत असतात, त्यात डेंग्यू आणि चिकुनगुनिया आले. लस यांच्यातल्या कोणालाच अडवत नाही. दोन आठवड्यांच्या आत फ्लूच गाठतो, असंही होतं. 'स्वाइन' शब्दामुळे डुकराचं मटण खाणाऱ्यांनाच हा होतो, असं समजणारेही अजून भेटतात. २००९ चा तो विषाणू आता दरवर्षीचा नेहमीचा फ्लू होऊन बसलाय, आणि तो माणसाकडून माणसाकडेच येतो. त्या वर्षी लोक रुमालात कापूर-वेलचीची पुरचुंडी बांधून हुंगत फिरत होते, ते आठवतं. २०१५ मध्ये देशभरात ४२ हजारांवर रुग्ण आणि जवळपास तीन हजार मृत्यू नोंदले गेले, तेव्हाही पुरचुंड्या होत्याच.

तीनवाली की चारवाली, यात अजिबात गुंतू नका. चारवालीत ए प्रकारचे दोन आणि बी प्रकारचे दोन विषाणू असतात. त्यातला चौथा, बी-यामागाता, मार्च २०२० नंतर जगात कुठेच फिरताना सापडलेला नाही, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनेच आता तीन पुरेत असं सांगितलंय. चारवाली मिळाली तरी नुकसान काही नाही. माझ्या मते कंपनीच्या नावापेक्षा खोक्यावरचं साल महत्त्वाचं, आणि ते कोणीच बघत नाही.

खोकं हातात घ्या. त्यावर उत्तर किंवा दक्षिण गोलार्ध आणि वर्ष छापलेलं असतं. दक्षिण गोलार्धाचा साठा आपल्याकडे साधारण एप्रिल ते जूनमध्ये येतो, आपल्या पावसाळ्यासाठी तोच हवा. मेमध्ये कोणी गेल्या हिवाळ्यातलं उत्तर गोलार्धाचं उरलेलं खोकं काढत असेल, तर मुदत आधी बघा आणि नवा माल कधी येतोय ते विचारा. आठ-पंधरा दिवसांत येणार असेल तर थांबा. जून अर्धा झाला तरी आला नाही तर मुदतीतली जी मिळेल ती घ्या, कारण पाऊस तुमच्या डिस्ट्रिब्युटरसाठी थांबत नाही. जुलै उजाडला तरी 'आता कशाला' म्हणू नका, सप्टेंबरपर्यंत फायदा आहे.

दुसरी बघण्यासारखी गोष्ट म्हणजे थंडी. लस २ ते ८ अंशांतच राहायला हवी. मेमधल्या उन्हाची भीती सगळ्यांना असते, पण लस जास्त वेळा बर्फाने वाया जाते. मेडिकलमधून इंजेक्शन घेतात, पिशवीत बर्फाचे खडे टाकतात, त्यात सिरिंजचं खोकं रुतवतात आणि अर्ध्या तासाने ओलंचिंब खोकं माझ्या टेबलावर येतं. बर्फाला थेट टेकून गोठलेली लस टाकूनच द्यायची. नंतर वितळून स्वच्छ दिसली, तरी मी ती टोचत नाही, आणि पेशंटशी वाद होतो. घरच्या फ्रीजमध्ये फ्रीझरच्या लगत किंवा सतत उघडणाऱ्या दारात ठेवलेल्या लशीचंही तसंच. म्हणून सरळ जिथे लस ठेवतात तिथेच जाऊन घ्या. लसीकरणाचा वेगळा फ्रीज, आत तापमापी, समोर तापमानाची वही, अशी जागा निवडा. एरवी आणायचीच झाली तर जेलपॅक रुमालात गुंडाळा, खोक्याला थेट टेकू देऊ नका.

कोणी घ्यायची ते आता सोपं आहे. वडिलांनी घ्यायची, आणि गेल्या वर्षी फ्लू होऊन गेला म्हणून सूट नाही. तो एका प्रकारचा झाला होता, बाकीचे अजून बाहेर आहेत. त्यांचं न्यूमोनियाचं म्हणजे न्यूमोकॉकसचं इंजेक्शन झालेलं नसेल तर तेही विचारा, दोन्ही एकाच दिवशी दोन दंडांत देता येतात. पत्नीने घ्यायची. गरोदरपणात फ्लू वाईट वागतो, फुप्फुसाला जागा कमी आणि हृदयावर ताण आधीच असतो. मेलेल्या विषाणूची लस कोणत्याही महिन्यात चालते. मुलीने घ्यायची. सहा महिने ते आठ वर्षांच्या मुलाला आयुष्यात पहिल्यांदा ही लस देताना चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, एकाने भागत नाही. आज दिला तर दुसरा जूनअखेर पडतो. शाळा उघडायच्या आत दोन्ही बसणार नाहीत, पण लाट जोर धरायच्या आत बसतात. दुसरा डोस विसरणारे आई-बाप खूप असतात, तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. आणि तुम्ही घ्या. कंपनीतून विषाणू घरी आणणारा माणूस बहुधा तुम्हीच.

घ्यायची नाही ती कोणी? याआधी याच लशीने अंगावर भयंकर पित्त उठून, घसा आवळून, बीपी पडलं असेल त्याने. लशीनंतर सहा आठवड्यांत कधी गियाँ-बारेचा (नसांवर हल्ला होऊन हातपाय लुळे पडण्याचा) त्रास झाला असेल तर आधी न्यूरॉलॉजिस्टला विचारायचं. अंगात चांगलाच ताप असेल तर उतरेपर्यंत थांबायचं. अंड्याची ॲलर्जी आता अडचण मानत नाहीत. टोचल्यावर पंधरा मिनिटं दवाखान्यात बसून राहायचं, गाडीला किक मारून पळायचं नाही.

खर्च माणशी साधारण दीड-दोन हजारांच्या घरात जातो. चौघांचे मिळून मोठा आकडा होतो, हे मला कळतं. ही लस राष्ट्रीय लसीकरणात नाही. मात्र राज्याच्या आरोग्य खात्याने २०१५ पासून गरोदर महिलांना आणि मधुमेह, रक्तदाब असणाऱ्यांना सरकारी रुग्णालयांतून ती मोफत द्यायला सुरुवात केली. साठा येतो तसा संपतो, म्हणून सिव्हिलला किंवा महापालिकेच्या रुग्णालयात आत्ताच चौकशी करा. तुमच्या घरात दोघं त्यात बसतात. पैशांची ओढाताण असेल तर माझा क्रम असा: वडील, पत्नी, मुलगी, मग तुम्ही.

एवढं करूनही ऑगस्टमध्ये ताप आलाच तर? फ्लू कसा येतो ते लक्षात ठेवा. साधी सर्दी दोन दिवस नाकात रेंगाळत येते. फ्लूवाला पेशंट वेळ सांगतो: 'काल दुपारी चारला बरा होतो, पाचला हुडहुडी भरली.' मग कोरडा खोकला, अंगदुखी, डोकं जड. खोकला-घसा काहीच नाही, नुसता जोराचा ताप, डोळ्यांच्या मागे दुखणं आणि अंगावर लाली असेल तर आपल्याकडे डेंग्यू आधी डोक्यात ठेवायचा. दोन्हींतला फरक कळेपर्यंत पॅरासिटामॉलशिवाय कोणतीही वेदनाशामक गोळी नको. कॉम्बिफ्लाम, डायक्लोफिनॅक यांना हात लावू नका. मुलांना ॲस्पिरिन कधीच नाही. वडिलांची हृदयाची ॲस्पिरिन मात्र परस्पर बंद करायची नाही, डॉक्टरांना विचारा. आणि मेडिकलवाल्याकडून ॲझिथ्रोमायसीन या अँटिबायोटिकची तीन गोळ्यांची पट्टी आणायची नाही, विषाणूला तिचं काहीच वाटत नाही.

सरकारी मार्गदर्शनात फ्लूचे गट केलेत. सौम्य ताप-खोकला असलेल्या धडधाकट माणसाची तपासणीही लागत नाही आणि औषधही, घरी राहायचं आणि ताप गेल्यावरही किमान एक दिवस लोकांत जायचं नाही. पण वडील आणि पत्नी जोखमीच्या गटात येतात. त्यांना ऑसेलटॅमिव्हीर ही फ्लूच्या विषाणूवरची गोळी पहिल्या ४८ तासांत मिळाली तर सर्वांत उपयोगी पडते, आणि रिपोर्ट यायची वाट बघत ती अडवून ठेवायची नसते. २०१७ पासून ती चिठ्ठीवर साध्या मेडिकलमध्येही मिळते. अंबड-सातपूरचे कामगार क्रोसिन घेऊन शिफ्ट करतात आणि पाचव्या दिवशी धापा टाकत येतात, तोवर ते ४८ तास कधीच निघून गेलेले असतात. धाप, छातीत दुखणं, थुंकीत रक्त, ओठ निळे पडणं, गुंगी, बीपी पडणं, लहान मुलाने खाणं-पिणं सोडणं, यातलं एक जरी दिसलं तर दवाखाना नाही, थेट रुग्णालय. घरी ऑक्सिमीटर असेल तर बसल्या जागी मोजून समाधान मानू नका. घरातल्या घरात सहा मिनिटं चालवा आणि मग बोट घाला. बसून ९६ आणि चालून ९१ दिसणाऱ्यांना मी घरी पाठवत नाही. मात्र बसूनच धाप लागत असेल तर चालवत बसू नका, निघा.

नाशिककरांसाठी आणखी एक. २०२७ ची सिंहस्थातली अमृतस्नानं ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच आहेत, म्हणजे फ्लूच्या ऐन मोसमात. रामकुंडावर जाणार असाल, नसाल, पाहुणे तर घरी येतीलच. त्या वर्षी घरातल्या सगळ्यांची लस मेअखेर उरकलेली असावी.

शेवटी बाळाबद्दल. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस देताच येत नाही, आणि त्या वयात फ्लू सर्वांत जड जातो. आईने आत्ता घेतली तर तिची प्रतिपिंडं नाळेतून बाळाला मिळतात आणि पहिले काही महिने निभावतात. तुमच्या हिशेबाने बाळंतपण सप्टेंबरअखेरचं दिसतं, म्हणजे बाळ मार्चअखेर सहा महिन्यांचं होईल आणि एप्रिल-मेमध्ये नवा साठा बाजारात आला की त्याचे पहिले दोन डोस सुरू करता येतील. तेव्हा मोठ्या मुलीला एकच पुरेल, यंदाचे दोन्ही वेळेवर झाले असले तर.